ट्यूब ॲम्पचा बायस, हेडरूम आणि डिस्टॉर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूब ॲम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) वाजवणाऱ्यांच्या गप्पांत बायसचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, बायस वाढव, आवाज खुलतो. दुसरा म्हणतो, बायस कमी कर, हेडरूम मिळते, म्हणजे आवाज फाटण्याआधी स्वच्छ वाजायला जास्त जागा. गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. खालची उत्तरं मुख्यतः पॉवर ट्यूबबद्दल, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूबबद्दल आहेत. उदाहरणं फेंडर, मार्शल आणि व्हॉक्सची घेतली आहेत, कारण त्यांची जुनी सर्किटं सगळ्यांना माहीत आहेत आणि आजचे बरेचसे ॲम्प त्यांच्याच घराण्यातले आहेत.

बायस म्हणजे नेमकं काय?

पॉवर ट्यूबमध्ये कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे ओढले जातात, कारण प्लेटवर चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात. वाटेत कंट्रोल ग्रिड नावाची बारीक तारेची जाळी असते. ही जाळी कॅथोडच्या तुलनेत जितकी निगेटिव्ह, तितका प्रवाह अडतो. गिटारचा सिग्नल याच जाळीवर येतो. पण गिटार शांत असताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. ते ठरवणारं व्होल्टेज म्हणजे बायस, आणि त्यातून वाहणारा तो शांत करंट म्हणजे आयडल करंट.

फेंडरच्या ट्विन रिव्हर्बच्या एबी७६३ सर्किट डायग्रामवर पॉवर ट्यूबच्या ग्रिडपाशी उणे ५२ व्होल्ट छापलेले आहेत. त्याच पिढीच्या डीलक्स रिव्हर्बमध्ये ट्यूब लहान, ६व्ही६, म्हणून तिथे उणे ३५.

"हॉट" आणि "कोल्ड" म्हणजे काय? आकडा मोठा असेल तर हॉट ना?

व्होल्टेजचा आकडा पाहाल तर उलट. उणे ५२ वरून उणे ४५ वर आलात तर ग्रिडचा अडसर कमी झाला, करंट वाढला, ट्यूब गरम झाली. हा हॉट बायस. उणे ५८ वर गेलात तर करंट घटला, म्हणजे कोल्ड. फोनवर "बायस वाढवला" असं कोणी सांगितलं तर व्होल्टेज की करंट, हे आधी विचारा. निम्मे वाद इथेच मिटतात.

मुद्द्याचं सांगा : बायस हॉट केला की हेडरूम वाढते की घटते?

हेडरूम कशात मोजता, त्यावर ते आहे.

ट्विनचंच उदाहरण घेऊ. ग्रिड उणे ५२ वर बसली आहे. सिग्नलचा वरचा टोक ५२ व्होल्टांचा झाला की ग्रिड शून्यावर पोचते. त्याच्या पुढे ग्रिड स्वतःच करंट खायला लागते, आधीच्या स्टेजला तो भार झेपत नाही आणि लहरीचा माथा सपाट होतो. आवाज फाटायला लागतो तो इथे. आता बायस उणे ४५ केला, तर त्याच टोकाला पोचायला ४५ व्होल्टांचाच सिग्नल पुरतो. ५२ आणि ४५ मधला फरक डेसिबलमध्ये काढला तर सुमारे सव्वा डेसिबल. म्हणजे ॲम्प व्हॉल्यूमच्या नॉबवर जरासा आधी फाटेल. नॉब केसभर मागे घेतला की पुन्हा होता तिथे.

आणि स्पीकरपर्यंत जाणारे जास्तीत जास्त वॉट? ते जवळपास तेवढेच राहतात. ग्रिड शून्यावर आल्यावर ट्यूब किती करंट देऊ शकते, हे प्लेट व्होल्टेज, स्क्रीन (ट्यूबमधली दुसरी जाळी) व्होल्टेज आणि ट्यूब व स्पीकरमधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा लोड ठरवतात. आयडलला बायस कुठे होता, याची त्या क्षणी कोणी विचारपूस करत नाही. फार हॉट केलात तर आयडल करंटच्या ओझ्याने पॉवर सप्लायचं व्होल्टेज थोडं बसतं आणि वॉट किंचित कमीच होतात. एसीचा डीसी करायला ट्यूब रेक्टिफायर असेल तर जरा जास्त बसतं.

तेव्हा "कोल्ड म्हणजे जास्त हेडरूम" हे कागदावर खरं आहे, पण मिळतो तो डेसिबल-दीड डेसिबल. त्याची किंमत काय मोजावी लागते, ते पुढच्या प्रश्नात.

कोल्ड बायसचा आवाज "काचेसारखा" किंवा "कोरडा" का लागतो?

बहुतेक दोन किंवा चार पॉवर ट्यूबचे ॲम्प पुश-पुल असतात. लहरीचा वरचा भाग एका बाजूची ट्यूब सांभाळते, खालचा भाग दुसऱ्या बाजूची. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघी आठवा : एकीचा हात खुंट्यावरून सैल पडायच्या आत दुसरीने जोर धरलेला असतो, म्हणून जातं न अडखळता फिरतं. पुश-पुलमध्येही लहर शून्याजवळून जाताना दोन्ही ट्यूब थोडा वेळ एकत्र काम करतात. ही एकत्र कामाची जागा बायसने ठरते.

बायस फार कोल्ड असेल तर पहिली ट्यूब बंद पडलेली आणि दुसरी अजून नीट सुरू झालेली नाही, अशी वेळ येते. ऑसिलोस्कोपवर साइन वेव्ह पाहिली तर शून्याच्या रेषेवर एक छोटी पायरी दिसते. हेच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. ओव्हरड्राइव्हमध्ये लहरीचं टोक कापलं जातं, म्हणून मोठा सिग्नल आधी बिघडतो. इथे पायरी लहरीच्या मध्यावर असते, त्यामुळे छोट्या सिग्नलचं नुकसान जास्त. क्लीन टोनमध्ये हे सगळ्यात आधी जाणवतं.

कानाने ओळखायचं असेल तर गिटारचा व्हॉल्यूम मध्यम ठेवा, एक ई मेजर कॉर्ड वाजवा आणि हात न लावता पूर्ण विझू द्या. सुरुवात ठीक वाटेल. पण कॉर्ड विझत जाताना शेपटीला बारीक चरचर लागली, सूर गुळगुळीत न मावळता तुटक झाला, तर कोल्ड बायसचा संशय घ्यायला हरकत नाही. अर्थात स्पीकरची घासलेली व्हॉइस कॉइलही अशीच चरचरते, म्हणून आधी दुसरा स्पीकर लावून खात्री करा.

ट्विनसारख्या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) असतो, तो ही पायरी बरीचशी झाकून टाकतो. फीडबॅक नसलेल्या ॲम्पला ही सवलत नाही.

मग हॉट बायसला काय ऐकू येतं?

आयडल करंट वाढला की ट्यूब छोट्या सिग्नललाही चांगला प्रतिसाद देते. हळू वाजवलेले सूर पुढे येतात, मिड थोडा भरतो, पिकचा जोर कमी-जास्त केल्यावर बदल गुळगुळीत होतो. आवाज लवकर आणि मऊ फाटतो. एका मर्यादेनंतर मात्र नवं काही मिळत नाही. बास ढिला वाटायला लागतो आणि ट्यूबचं आयुष्य झरझर कमी होतं. कोल्डकडून मध्यापर्यंत येताना कानाला फरक मोठा, मध्याकडून हॉटकडे जाताना लहान. माझ्या मते लोक हा दुसरा टप्पा उगाच गाठतात.

बायस बदलल्याचा परिणाम स्वतः ऐकायचा सोपा मार्ग आहे का?

आहे, आणि पेचकसाला हातही लावायला नको. फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब मिळाला तर त्याचा ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) चालू करा आणि स्पीड अगदी कमी ठेवा. त्या सर्किटमध्ये ट्रेमोलो म्हणजे पॉवर ट्यूबचा बायसच वर-खाली हलवणं. ट्यूब कोल्डकडे गेली की आवाज खाली जातो, परत आली की वर येतो. इंटेन्सिटी वाढवून एक लांब सूर धरा : आवाज खाली जाताना फक्त लहान होत नाही, पातळही होतो. बायसबद्दल दहा लेख वाचण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं ऐकणं जास्त शिकवतं. डीलक्स रिव्हर्बवर हा प्रयोग चालणार नाही. तिथे ट्रेमोलो दिवा आणि फोटोसेलने सिग्नल दाबतो, पॉवर ट्यूबच्या बायसला हात लावत नाही.

बायस बरोबर केलाय, तरी ॲम्प १० वर नेला की आवाज घाणेरडा, गुदमरल्यासारखा फाटतो. का?

हा या पानावरचा सगळ्यात रंजक प्रश्न, कारण उत्तर बायसमध्येच आहे, पण बायस फिरवायच्या पॉटमध्ये (पेचकसाने फिरणाऱ्या छोट्या नॉबमध्ये) नाही.

फेज इन्व्हर्टर (पुश-पुलच्या दोन बाजूंसाठी लहरीच्या दोन उलट प्रती करणारी स्टेज) आणि पॉवर ट्यूबच्या मधे एक कपलिंग कपॅसिटर असतो. जोरात वाजवलं की ग्रिड शून्याच्या वर जाते आणि कॅथोडबरोबर डायोडसारखी वागू लागते. तो करंट कपॅसिटरला चार्ज करतो. सिग्नल खाली आला तरी तो चार्ज लगेच जात नाही आणि ग्रिड नेहमीपेक्षा जास्त निगेटिव्ह अडकून राहते. म्हणजे तुम्ही हॉट ठेवलेला बायस वाजवता वाजवता आपोआप कोल्ड झाला. मग क्रॉसओव्हरची ती पायरी, जी आयडलला नव्हती, ती आता उगवते. चार्ज फारच साठला तर ट्यूब क्षणभर पूर्ण बंद पडते. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. ऐकायला कसं लागतं? सूर उठताच थुंकल्यासारखा होतो, गिळला जातो आणि मग परत येतो.

चार्ज उतरायला किती वेळ लागतो, याचा अंदाज कपॅसिटर आणि ग्रिड लीक रेझिस्टर (ज्यातून ग्रिडला बायस मिळतो आणि चार्ज उतरतो) यांच्या गुणाकारातून येतो. फेंडरमध्ये ०.१ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओम हा जोडा सर्रास दिसतो. गुणाकार २२ मिलिसेकंद. मार्शलच्या बऱ्याच मॉडेलांत कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा. तोच रेझिस्टर धरला तर सुमारे ५ मिलिसेकंद. मार्शल फुल आवाजातही नेटका फाटतो, यामागचं हे एक कारण. एकमेव नाही.

उपाय ठरलेले आहेत : कपॅसिटर लहान करणं, किंवा ग्रिडच्या तोंडाशी असलेला ग्रिड स्टॉपर रेझिस्टर मोठा करणं. फेंडरमध्ये तो बहुधा १.५ किलोओम असतो, मार्शलमध्ये ५.६ किलोओम. यापैकी काहीही करायचं नसेल तर ॲम्पचा बास कमी करा. ग्रिडला सगळ्यात लांब ढकलणारी खालची फ्रिक्वेन्सीच असते.

७० टक्क्यांचा नियम काय आहे?

प्रत्येक ट्यूबच्या डेटाशीटवर प्लेट जास्तीत जास्त किती वॉट उष्णता सोसू शकते, ते दिलेलं असतं. ६एल६जीसीला ३० वॉट, ईएल३४ला २५, ६व्ही६जीटीला आणि ईएल८४ला प्रत्येकी १२. फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळ्या सप्लायमधून बायस देणाऱ्या) क्लास एबी ॲम्पमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक ट्यूब लहरीच्या काही भागात बंद असते तिथे, आयडलला याच्या ७० टक्क्यांवर जाऊ नये, असा संकेत आहे. कारण जोरात वाजवताना प्लेटवरची उष्णता आयडलपेक्षा वाढते आणि तिला जागा ठेवावी लागते.

हिशेब सरळ आहे. वॉटला ०.७ ने गुणा, प्लेट व्होल्टेजने भागा.

६एल६जीसी, ४५० व्होल्ट : २१ ÷ ४५०, म्हणजे ४६–४७ मिलिॲम्प.
ईएल३४, ४५० व्होल्ट : १७.५ ÷ ४५०, म्हणजे सुमारे ३९ मिलिॲम्प.
६व्ही६, ४१५ व्होल्ट : ८.४ ÷ ४१५, म्हणजे सुमारे २० मिलिॲम्प.

हे आकडे प्रत्येक ट्यूबचे. चार ट्यूब असतील तर चारही वेगळ्या मोजा. कॅथोडला मोजलेल्या करंटमध्ये स्क्रीनचा करंटही मिसळलेला असतो, साधारण काही मिलिॲम्प, त्यामुळे प्लेटचा खरा करंट त्याहून थोडा कमी.

७० ही कमाल मर्यादा आहे. बरेच जण ते लक्ष्य समजतात आणि ६९.८ वर पोचल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. ५० ते ६५ च्या मधे कुठेही थांबा, कानाला बरं वाटेल तिथे. ५० टक्क्यांवर ६एल६जीसीचा आकडा ३३ मिलिॲम्प येतो आणि कित्येक ॲम्प तिथे उत्तम वाजतात.

माझ्याकडे फेंडर हॉट रॉड डीलक्स आहे. कंपनीने बायस फारच कोल्ड ठेवला आहे असं म्हणतात. खरं आहे का?

या ॲम्पमध्ये बोर्डवर टीपी-३० नावाचा टेस्ट पॉइंट दिला आहे आणि कंपनीचा आकडा ६० मिलिव्होल्ट. तिथे १ ओमचा रेझिस्टर असल्याने मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिॲम्प. दोन ट्यूबचे मिळून ६०, म्हणजे एकीला ३०. प्लेटवर ४२० व्होल्ट मिळाले असं धरा : १२.६ वॉट. ६एल६च्या ३० वॉटांच्या तुलनेत ४२ टक्के.

कोल्ड आहे, हे खरं. चूक आहे का? नाही. कंपनीला हमीच्या काळात ट्यूब टिकायला हव्यात आणि क्लीन चॅनेल लांबवर स्वच्छ राहायला हवा. दोन्ही साधतं. तुम्हाला कोरडं वाटत असेल तर ६८–७० मिलिव्होल्टपर्यंत नेऊन ऐका. ४२ चे ४९ टक्के होतील, तरी मर्यादेच्या बरेच आत. या ॲम्पच्या तक्रारींपैकी बऱ्याच मात्र बायसमुळे नसतात. व्हॉल्यूमच्या पॉटचा टेपर (फिरवताना आवाज किती झपाट्याने वाढतो ते) असा आहे की २ वरच कान बधिर होतात, आणि त्याचा बायसशी काही संबंध नाही.

व्हॉक्स एसी-३० मध्ये बायसचा पॉट सापडत नाही.

सापडणारही नाही. तो कॅथोड बायसचा ॲम्प आहे. चार ईएल८४च्या कॅथोडखाली एक सामायिक रेझिस्टर आहे, मूळ डिझाइनमध्ये ५० ओमचा. ट्यूबचा स्वतःचाच करंट या रेझिस्टरमधून जातो, कॅथोड वर उचलला जातो आणि त्याच्या तुलनेत ग्रिड निगेटिव्ह होते. ट्यूब आपला बायस आपणच सांभाळते. फेंडरच्या जुन्या ट्वीड डीलक्समध्येही हेच, तिथे दोन ६व्ही६ आणि २५० ओम.

५० ओमवर १० व्होल्ट मोजले, तर एकूण २०० मिलिॲम्प, एकीला ५०. प्लेटला कॅथोडच्या तुलनेत ३०० व्होल्ट धरले तरी १५ वॉट होतात. स्क्रीनचा वाटा वजा केला तरीही १२ वॉटांच्या वर. एसी-३० ट्यूब खातो, ही ओरड या गणितातून आली आहे.

हेडरूमच्या दृष्टीने कॅथोड बायसचं वागणं निराळं. जोरात वाजवलं की सरासरी करंट वाढतो, कॅथोडचं व्होल्टेज वर चढतं आणि बायस कोल्डकडे सरकतो. पिकचा धक्का दबतो, मग सूर फुलत वर येतो. हीच ती दाब-उसळी, जिच्यासाठी लोक हे ॲम्प घेतात. पण सरळ, टणक, मोठा क्लीन हवा असेल तर फिक्स्ड बायसचा ॲम्प बरा. फिक्स्ड म्हणजे पॉट नाही असं नव्हे. ग्रिडला वेगळ्या सप्लायमधून ठरलेलं निगेटिव्ह व्होल्टेज मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात पॉट असतो किंवा नसतोही.

जाहिरातींत एसी-३० ला "क्लास ए" म्हणतात. फुल आवाजात तो क्लास एबीमध्येच शिरतो. क्लास ए, म्हणजे ट्यूब पूर्ण लहरभर चालू, खऱ्या अर्थाने पाहायचा असेल तर फेंडर चॅम्पसारखा एकाच पॉवर ट्यूबचा ॲम्प पाहा.

पॉटच नाही, तरी फिक्स्ड बायस, असे ॲम्प कोणते?

मेसा बूगीचे बहुतेक. ते बायस कारखान्यात ठरवतात आणि त्यात बसतील अशा निवडलेल्या ट्यूब विकतात. त्यातही कोल्डकडेच कल. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच सिल्व्हरफेस फेंडरमध्ये पॉट असतो, पण तो फक्त दोन बाजूंचा समतोल साधतो, एकूण बायस हलवत नाही. तो फिरवून "काहीच फरक पडत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं. चांगला टेक्निशियन तो पॉट जुन्या पद्धतीने जोडून देतो. काम किरकोळ आहे.

घरी मी व्हॉल्यूम २ वर वाजवतो. बायसने काही फरक पडेल?

हेडरूममध्ये नाही. त्या आवाजात पॉवर ट्यूब जेमतेम एखादा वॉट देत असतात, फाटण्याचा प्रश्नच नाही. टोनमध्ये मात्र पडतो, आणि तो कोल्ड बायसच्या बाजूने जास्त. क्रॉसओव्हरचा त्रास लहान सिग्नलला अधिक, हे वर आलंच आहे. रात्री दार लावून हळू वाजवणाऱ्याने कोल्डपासून दूर राहिलेलं बरं.

आणि मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून गेन वाढवत असाल, तर ऐकू येणारं सगळं डिस्टॉर्शन प्रीॲम्पचं, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या छोट्या ट्यूबचं आहे. पॉवर ट्यूबचा बायस फिरवून ते बदलणार नाही.

प्रीॲम्प ट्यूबचा बायस करावा लागतो का?

नाही. १२एएक्स७ बदलली की झालं. तिचा बायस कॅथोडच्या रेझिस्टरने ठरतो, फेंडरमध्ये बहुतेक ठिकाणी १.५ किलोओम, प्लेटला १०० किलोओम. करंट एखाद-दीड मिलिॲम्प, त्यामुळे ट्यूबागणिक फरक पडला तरी बिघडत नाही.

पण सर्किट बनवणारे याच बायसशी खेळून डिस्टॉर्शन घडवतात, आणि गिटारच्या आवाजाचा अर्धा इतिहास इथे आहे. मार्शल जेसीएम८०० च्या २२०३ मध्ये एका स्टेजचा कॅथोड रेझिस्टर १० किलोओम आहे. एवढ्या मोठ्या रेझिस्टरमुळे ती स्टेज मुद्दाम कोल्ड बसते आणि लहरीची एक बाजू दुसरीच्या खूप आधी कापते. त्या ॲम्पचा जो धारदार, चावा घेणारा ड्राइव्ह आहे, त्यात या स्टेजचा मोठा हात. सोल्डानो या कंपनीने एसएलओ-१०० ॲम्पमध्ये हेच ३९ किलोओमपर्यंत नेलं. म्हणजे पॉवर ट्यूबमध्ये जो कोल्ड बायस आपण टाळतो, तोच प्रीॲम्पमध्ये हवाहवासा होतो. तिथे एकच ट्यूब पूर्ण लहर सांभाळते, त्यामुळे मधल्या पायरीचा प्रश्न येत नाही.

६एल६ काढून ईएल३४ लावल्या तर?

नुसत्या लावू नका. ईएल३४ला त्याच करंटसाठी कमी निगेटिव्ह व्होल्टेज लागतं, त्यामुळे ६एल६च्या सेटिंगवर ती बरीच कोल्ड बसेल. शिवाय तिचा सप्रेसर ग्रिड १ नंबरच्या पिनवर असतो, तो ८ नंबरच्या कॅथोडला जोडावा लागतो. बऱ्याच फेंडरमध्ये १ नंबरच्या पिनचा उपयोग ग्रिड स्टॉपर टेकवायला केलेला असतो, म्हणजे सॉकेटची वायरिंग बदलणं आलं. हीटरलाही (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) ०.९ ऐवजी १.५ ॲम्पिअर लागतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरला ते झेपतंय का, हे विचारूनच पुढे जा.

मी स्वतः बायस करू का?

मल्टिमीटर हातात धरायची सवय असेल, जिवंत सर्किटची भीती आणि शिस्त दोन्ही असेल, तर करा. यांतलं एक जरी नसेल तर टेक्निशियनकडे न्या. त्यात कमीपणा नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरेसे आहेत.

सुरक्षित मार्ग बायस प्रोबचा. ट्यूब आणि सॉकेटच्या मधे तो बसतो, आतल्या वायरिंगला हात लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक कॅथोड आणि चासीच्या मधे १ ओमचा रेझिस्टर कायमचा टाकणं. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ तो चिल्लर पैशांत मिळतो. एक टक्का टॉलरन्सचा घ्या. हा टाकताना कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका.

क्रम असा : स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. व्हॉल्यूम सगळे शून्यावर. नव्या ट्यूब घालण्याआधी बायस पूर्ण कोल्डकडे फिरवा. चालू करा, पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग प्लेट व्होल्टेज मोजा, हिशेब करा आणि हळूहळू वर या. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज उतरतं, म्हणून पुन्हा मोजा, पुन्हा हिशेब. एक हात खिशात. पायात रबरी चप्पल. घरात दुसरं कोणीतरी असू द्या.

ट्यूबची प्लेट लाल दिसतेय.

ताबडतोब बंद करा, गाणं पूर्ण करत बसू नका. खालचा हीटर नारिंगी दिसणं नेहमीचं. बाहेरच्या करड्या प्लेटवर लाल डाग उमटणं म्हणजे रेड प्लेटिंग. बायस फार हॉट आहे, किंवा बायसचं व्होल्टेजच गेलंय, किंवा कपलिंग कपॅसिटर गळतोय आणि ग्रिडवर पॉझिटिव्ह डीसी येतोय. एकच ट्यूब लाल असेल तर ॲम्प बंद असतानाच तिची जागा दुसरीशी बदला आणि पुन्हा चालू करून पाहा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब खराब, सॉकेटजवळच राहिली तर दोष सर्किटात. चालू करून पाहणं काही सेकंदांत उरकायचं.

आपल्याकडच्या विजेचा बायसवर परिणाम होतो का?

होतो. मेन्स वर-खाली झाला की प्लेट व्होल्टेज हलतं. फिक्स्ड बायसमध्ये निगेटिव्ह सप्लायही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतो, त्यामुळे तोही बरोबरच हलतो आणि काही अंशी सांभाळून घेतो. पण बायस करताना लाइन २१५ ला होती आणि कार्यक्रमाच्या दिवशी जनरेटरवर २५० मिळाले, तर संध्याकाळचा बायस सकाळचा नसतो. मोजताना मेन्सचा आकडाही लिहून ठेवा.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर काय मिळतंय, ते पाहा. फ्रिक्वेन्सी मात्र त्याने बदलत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनने मार्शलला व्हॅरिॲक (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मेन्स ९० व्होल्टांच्या आसपास उतरवला, ही गोष्ट गिटारवाल्यांना पाठ असते. त्यात हेडरूम घटते, कारण प्लेट व्होल्टेजच घटतं. बायसच्या पॉटने हे होत नाही, आणि दोन्हीची गल्लत फार होते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्याबद्दल एक. जुन्या फेंडरचे काळे फायबर बोर्ड ओल धरतात आणि किंचित वाहक होतात. जुलैत बायस सरकला, खरखर वाढली आणि डिसेंबरात आपोआप बरं वाटलं, तर ट्यूबला दोष देण्याआधी बोर्ड तपासून घ्या.

मॅच्ड पेअर घ्यावीच लागते का?

फिक्स्ड बायसच्या ॲम्पला घ्या. दोन ट्यूबचे आयडल करंट फार वेगळे असतील तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी समतोल राहत नाही आणि हम वाढतो. तीन-चार मिलिॲम्पचा फरक चालतो. किंचित विजोड जोडीत पुश-पुलने एरवी कापले जाणारे सम हार्मोनिक्स थोडे उरतात आणि काहींना तो आवाज आवडतो. आवडला तर ठेवा.

मला खरोखर जास्त हेडरूम हवी आहे. बायस सोडून काय करू?

आधी स्पीकर. ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या जागी १०० चा लावला तर ३ डेसिबल मिळतात, म्हणजे ॲम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखं. बायसच्या सव्वा डेसिबलशी तुलना करा. सेलेस्टियन ब्लूचं रेटिंग १०० आहे, पण तो १५ वॉटांचाच, त्यामुळे ट्विनला एकटा लावू नका.

मग पहिली प्रीॲम्प ट्यूब : सिग्नल कमी पटीने वाढवणारी लावा. १२एएक्स७चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा ४५ च्या जवळ. ट्वीड डीलक्समध्ये मुळात १२एवाय७च होती. आज तिथे १२एएक्स७ घालून लोक "हा ॲम्प ३ वरच फाटतो" म्हणतात. बदलायला अर्धं मिनिट लागतं, मल्टिमीटर लागत नाही.

मग बास कमी करा, हंबकर (दोन कॉइलचे जोरदार पिकअप) असतील तर पिकअप तारांपासून थोडे खाली घ्या.

बायस किती दिवसांनी तपासायचा?

पॉवर ट्यूब बदलल्या की हमखास. एरवी नियमित वाजवत असाल तर वर्षातून एकदा. नव्या ट्यूब पहिल्या काही तासांत थोड्या सरकतात, म्हणून बायस केल्यावर दोन-चार प्रॅक्टिस झाल्या की पुन्हा एकदा मोजून घ्या. आकडा आणि तारीख चासीच्या आत कागदी टेपवर लिहून चिकटवा. पुढच्या वेळी ॲम्प उघडणाऱ्याचे कष्ट वाचतात.